प्रत निघाली, पण परवाना आला का?



संगणकाच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवली की आपले काम सुरक्षित झाले, असे बहुतेकांना वाटते. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग कोणता, आणि त्याबाबत आपण काय करावे, याविषयी माझे मत तुमच्यापुढे मांडतो.

समजा, तुमच्या शाळेतील विज्ञान मंडळाने सलग दोन वर्षे रोजचे तापमान आणि पाऊस यांची नोंद ठेवली आहे. ही सारी निरीक्षणे विकत घेतलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये साठवलेली आहेत. डिस्क जुनी झाली, तिच्यातून खरखर ऐकू येऊ लागली, म्हणून एका जाणत्या माणसाने नव्या डिस्कवर तिची प्रत काढली. संगणक सुरू झाला. सर्व फायली जागच्या जागी दिसल्या. पण सॉफ्टवेअर उघडताच पडद्यावर सूचना आली, 'या संगणकावर हे सॉफ्टवेअर वापरण्याची अनुमती नाही.' निरीक्षणे डिस्कवर आहेत, एकही अंक हरवलेला नाही, तरी ती वाचता येत नाहीत! असे का व्हावे?

यासाठी प्रत कशी निघते ते आधी पाहू. डिस्कवरील जागा लहान लहान खणांत विभागलेली असते. अशा एका खणाला सेक्टर म्हणतात आणि त्यात सामान्यतः ५१२ बाइट माहिती मावते. १ टेराबाइटच्या डिस्कमध्ये असे सुमारे १९५ कोटी सेक्टर असतात. प्रत काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत आपण हव्या त्या फायली निवडून दुसरीकडे उतरवतो. दुसऱ्या रीतीत पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जे काही शून्य आणि एक लिहिलेले असतील ते क्रमाने उतरवले जातात. या दुसऱ्या रीतीला क्लोनिंग म्हणतात. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने १ टेराबाइट उतरवायला १०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास लागतात. गणित तुम्हीच करून पाहा.

या प्रतीचा एक मोठा गुण आहे. हाताने पोथी उतरवताना चुका शिरत आणि प्रतीवरून प्रत काढताना त्या वाढत जात. म्हणूनच तर संत एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. संगणकाच्या प्रतीत मात्र मूळ आणि नक्कल यांत एका अंकाचाही फरक नाही, याची खात्री करून घेता येते. 'शा-२५६' नावाच्या गणिती रीतीने कोणत्याही फाइलचा ६४ चिन्हांचा एक 'ठसा' काढता येतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. मुळाचा आणि प्रतीचा ठसा जुळला की प्रत बरोबर आहे असे समजावे.

मग अडते कुठे? मित्रहो, वहीतला मजकूर दुसऱ्या वहीत जसाच्या तसा उतरवता येतो, पण पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर कारखान्यात उठवलेला क्रमांक उतरत नाही. डिस्कचेही तसेच आहे. प्रत्येक डिस्कला कारखान्यात एक अनुक्रमांक मिळतो. तो आपल्या माहितीच्या सेक्टरांत नसून डिस्कच्या अंतर्गत यंत्रणेत असतो. क्लोनिंगने सेक्टर उतरतात, हा क्रमांक उतरत नाही. नेटवर्क कार्ड आणि मदरबोर्ड यांनाही असेच स्वतःचे क्रमांक असतात. पुष्कळ सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालू करताना असे क्रमांक एकत्र करून संगणकाची ओळख ठरवतात आणि तिच्यावर परवाना बांधतात. पुढे ओळख जुळली नाही की दार बंद!

याशिवाय काही सॉफ्टवेअर परवान्याची नोंद नेहमीच्या फायलींत न ठेवता, डिस्कच्या आरंभी मोकळ्या सोडलेल्या सेक्टरांत लपवून ठेवत असत. अशी नोंद नुसत्या फायली उतरवल्या तर मागे राहते, क्लोनिंग केले तर सोबत येते. तात्पर्य, कोणती रीत वापरली यावरही परवाना टिकणे न टिकणे अवलंबून आहे.

हे कुलूप काही आजचे नाही. १९८३ साली बाजारात आलेल्या 'लोटस १-२-३' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला मूळ फ्लॉपी किल्लीसारखी लागे. नेहमीच्या रीतीने तिची नक्कल काढली तर ती चालत नसे. २००१ मध्ये 'विंडोज एक्सपी'बरोबर मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठीही परवाना संगणकाच्या अनेक भागांच्या ओळखीशी जोडला. तेथे एखादा भाग बदलला तर चाले, फार बदल झाले की पुन्हा अनुमती घ्यावी लागे. आजही नुसती डिस्क बदलली तर विंडोज सहसा हरकत घेत नाही, पण मदरबोर्ड बदलला तर घेते. काही सॉफ्टवेअर मात्र डिस्क बदलली तरी अडून बसतात.

येथे कुलूप लावणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. सॉफ्टवेअर लिहिणे हे श्रमाचे काम आहे. पाच-दहा माणसे वर्षानुवर्षे खपतात तेव्हा एखादे चांगले सॉफ्टवेअर तयार होते, आणि त्याची नक्कल करायला काही मिनिटे पुरतात. एकाने विकत घ्यायचे आणि शंभरांनी फुकट वापरायचे, हे न्यायाचे नाही. म्हणून कुलूप असण्याला माझा विरोध नाही. किल्ली कायमची दुसऱ्याच्याच खिशात असण्याला आहे.

याचे कारण उघड आहे. किल्ली देणारा संगणक कोठेतरी दूर कंपनीकडे असतो. तो बंद झाला तर? अडोबी कंपनीने 'क्रिएटिव्ह सूट २' या आपल्या संचाला अनुमती देणारे संगणक डिसेंबर २०१२ मध्ये बंद केले. त्या वेळी कंपनीने जुन्या ग्राहकांसाठी अनुमती न लागणारी आवृत्ती उपलब्ध करून दिली, हे योग्यच झाले. उलट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पुस्तकाची प्रत डिस्कवर असून तिचा उपयोग उरला नाही.

माझे म्हणणे असे की, पहिली रीत ही कंपनीची मेहेरबानी न राहता नियम व्हावी. ज्याने सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतले, त्याची डिस्क बिघडली म्हणून त्याचा हक्क बुडता कामा नये, आणि विकणाऱ्याने दुकान बंद करताना किल्ली ग्राहकाच्या हाती दिली पाहिजे. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम सॉफ्टवेअर रीतसर बाळगणाऱ्याला नाश किंवा बिघाड यांपासून बचाव म्हणून राखीव प्रत काढू देते. कायदा प्रत काढू देतो आणि कुलूप ती चालू देत नाही, ही विसंगती आहे. ती दूर करण्याची मागणी ग्राहकांनी केली पाहिजे. उद्याचे ग्राहक तुम्हीच आहात.

'मग कुलूपच फोडावे,' असे तुमच्यापैकी काहीजण म्हणतील. तसे करू नका. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५अ कलमानुसार हक्क बुडवण्याच्या हेतूने असे संरक्षण मोडणे हा गुन्हा आहे. शिवाय कुलूप फोडण्यासाठी जी साधने फुकट वाटली जातात, त्यांतून पुष्कळदा व्हायरसही घरात येतो. म्हणजे परवाना वाचवायला जावे आणि सारी माहितीच गमवावी!

मग करावे काय? डिस्क धडधाकट असतानाच पुढील तयारी करावी. कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या खात्यावर घेतले, त्याचा किल्ली-क्रमांक कोणता, ही यादी कागदावर लिहून ठेवावी. परवाना काढून घेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर जुनी डिस्क चालू असतानाच तो काढून घ्यावा आणि नव्या डिस्कवर पुन्हा घ्यावा. आयट्यून्समध्ये एका खात्यावर ५ संगणकांनाच अनुमती मिळते. अशा ठिकाणी मेलेल्या डिस्कची अनुमती मोजणीत तशीच अडकून राहू शकते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असेल तर तिचा ४८ अंकी क्रमांक आधी लिहून घ्यावा. प्रत काढून झाल्यावर संगणक बंद करावा, जुनी डिस्क काढावी आणि मगच नव्या डिस्कवर संगणक सुरू करावा. एकाच ओळखीच्या दोन डिस्क एकदम जोडल्या तर विंडोजचा गोंधळ उडतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपले मूळ काम एखाद्या परवान्याच्या भरवशावर ठेवू नये. निरीक्षणांचा तक्ता साध्या मजकुराच्या सीएसव्ही फाइलमध्येही साठवावा. ती कोणत्याही संगणकावर उघडते. लिब्रेऑफिससारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, त्याला कोणाची अनुमती लागत नाही. आपल्या शाळा-कॉलेजांनी तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प अशा खुल्या रूपातच स्वीकारावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि प्रत काढून ती कपाटात ठेवणे पुरेसे नाही. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रत होती, पण ती नीट निघतच नव्हती, हे तेव्हा कळले. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांनी घरून काम करता यावे म्हणून एक प्रत घरी ठेवली होती. तिच्यामुळे चित्रपट वाचला. यातून दोन धडे मिळतात. एक प्रत नेहमी दुसऱ्या वास्तूत असावी, आणि प्रत चालते की नाही हे वेळोवेळी उघडून पाहावे. विज्ञानात पडताळून न पाहिलेल्या निष्कर्षाला आपण मानत नाही. प्रतीलाही तीच कसोटी लावा.

या सुट्टीत एवढे करून पाहा. घरातील किंवा शाळेतील एका संगणकावरील सर्व सॉफ्टवेअरची यादी करा. प्रत्येकापुढे 'डिस्क आज बंद पडली तर उद्या हे चालेल का?' या प्रश्नाचे उत्तर लिहा. जेथे उत्तर 'नाही' किंवा 'माहीत नाही' असे येईल, तेथून कामाला लागा.