उसनं गाणं घ्या, पण देणं विसरू नका

‘हाऊस’ मालिकेतला काठी टेकत चालणारा, खडूस पण हुशार डॉक्टर आठवतो ना? ती भूमिका करणारा ह्यू लॉरी २०११ साली थेट ब्लूजचा अल्बम घेऊन आला, ‘लेट देम टॉक’. मग बँड जमवून त्याने देशोदेशी कार्यक्रमही केले. लगेच प्रश्न आला, ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या गोऱ्या इंग्रजाने ब्लूज का गावं?

प्रश्न रास्तच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांमध्ये हे गाणं वाढलं. कापसाची गोष्ट महाळुंगे पडवळला वेगळी सांगायला नको. इथला बाबू गेनू पोटासाठी मुंबईला जाऊन गिरणी कामगार झाला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना काळबादेवीत त्याखाली चिरडला गेला. घाम कुणाचा आणि नफा कुणाचा, हा हिशोब त्या गाण्यातही आहे अन् आपल्या मातीतही.

लॉरीने मात्र आव आणला नाही. आपण त्या मातीतले नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलं. न्यू ऑर्लिन्सच्या अर्मा थॉमस आणि डॉ. जॉन यांना अल्बममध्ये सोबत घेतलं. म्हणजे डॉक्टरच्या नावाने आलेला श्रोता मूळ गाणाऱ्यांपर्यंत पोचला. उसनं घ्यायची हीच रीत आम्हाला पटते.

ब्लूज प्रत्यक्ष ऐकायला परदेशीच जावं लागतं असंही नाही. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तिथे बडी गायसारखा दिग्गज गायला. जमलं तर असा एखादा कार्यक्रम ऐकाच. समोर गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, तो मोबाईलवर नाही येत.

पण पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव तर आपल्या शेजारचं. यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे पुढारी तिथल्या राहुट्यांवर येतात. तिथल्या विठाबाई नारायणगावकर बाळंत झाल्यावर पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी शेवटचे दिवस हलाखीतच गेले. आणि आपण? गॅदरिंगला पेनड्राईव्हवर ढोलकी लावतो, शिट्ट्या मारतो आणि ती लावणी पहिल्यांदा कुणी गायली हे विचारतही नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. यंदाच्या गॅदरिंगला डीजेच्या बजेटातून थोडे पैसे बाजूला काढा. फडावरचा एक ढोलकीवाला बोलवा, त्याचं मानधन रोख आणि वेळेवर द्या, आणि निवेदनात त्याचं नाव नीट घ्या. लॉरीला ते साता समुद्रापलीकडच्या गाण्यासाठी जमलं, आपल्याला तर फक्त शेजारच्या गावात जायचंय.