विमानातील यंत्राला मान्यता कशासाठी?

उपग्रहांच्या साह्याने वाट दाखविणारे यंत्र आज फोनमध्येही असते. मग तेच काम करणाऱ्या विमानातील यंत्राला सरकारी मान्यतेचे एवढे सोपस्कार कशाला, असा प्रश्न मुक्त बाजारपेठेचे भाट करीत असतात. फोन चुकला तर माणूस फार तर एक गल्ली चुकतो. ढगांतून धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाला मात्र निव्वळ अचूकता पुरत नाही. दाखविलेले स्थान आता विश्वासार्ह राहिले नाही, हे यंत्रणेने स्वतःहून सांगावे लागते, आणि आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ते ६ ते १० सेकंदांत सांगावे लागते. मान्यता द्यावयाची ती या इशाऱ्याच्या खात्रीला. ती खात्री कोणत्याही दुकानदाराच्या हमीपत्राने मिळत नाही.

आपल्याकडे हे काम अधिकच अवघड होते. भूचुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जाते. त्यामुळे वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरात येथे जी खळबळ असते ती उपग्रहाच्या संदेशाला विलंब लावते. अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या व्यवस्थेचे गणित येथे जसेच्या तसे लागू पडेना. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण या दोन सार्वजनिक संस्थांनी सुमारे ७७४ कोटी रुपये खर्चून ‘गगन’ ही व्यवस्था उभारली. २०१३च्या अखेरीस तिला मार्गक्रमणासाठी आणि एप्रिल २०१५ मध्ये उतरण्यासाठी मान्यता मिळाली. धावपट्टीपाशी महागडी उपकरणे न बसविताही लहान विमानतळावर उंचीच्या मार्गदर्शनासह उतरता यावे, हा तिचा मोठा लाभ.

पुढे काय झाले? १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रत्येक विमानात हे यंत्र असावे, असे २०१६च्या धोरणाने सांगितले. प्रत्यक्ष नियमात तारीख आली १ जुलै २०२१ नंतरच्या नोंदणीची. म्हणजे जुनी विमाने आयुष्यभर मोकळी. एका खासगी कंपनीचे विमान ‘गगन’च्या आधारे किशनगडला चाचणीदाखल उतरले ते एप्रिल २०२२ मध्ये. मान्यता मिळून तोवर सात वर्षे लोटली होती!

यात गूढ काही नाही. संदेश फुकट आहे, पण यंत्राचा खर्च कंपनीने करावयाचा. लाभ मात्र प्रवासी, लहान गावे आणि सार्वजनिक तिजोरी यांच्यात वाटला जातो. असा हिशेब खासगी वहीत कधीच जुळत नाही, आणि म्हणूनच सक्तीचा नियम लागतो. अनेक मोठ्या विमानांसाठी निर्मात्यांनी ही सोयच ठेवली नव्हती, ही कंपन्यांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हे. परंतु २०२३ साली भारतातील दोनच कंपन्यांनी मिळून ९७० विमानांची मागणी नोंदविली. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला निर्मात्यापुढे अट घालता येत नाही, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

उपग्रहांचे संदेश खोटे पाडण्याचे प्रकारही वाढले आहेत; नोव्हेंबर २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला त्याबाबत परिपत्रक काढावे लागले. ‘गगन’ हा त्यावरचा उतारा नव्हे. तेव्हा जमिनीवरील जुनी यंत्रणा काटकसरीच्या नावाखाली मोडीत निघणार नाही, यावरही लक्ष हवे.

विमान हा धनिकांचा विषय म्हणून आपल्या चळवळीने तो सोडून देणे बरे नव्हे. ते ७७४ कोटी धनिकांचे नव्हते. १ जुलै २०२१ नंतर नोंदलेल्या विमानांपैकी किती विमानांत हे यंत्र चालू स्थितीत आहे, किती जणांना सूट दिली आणि कोणत्या कारणाने, हे आपल्या प्रतिनिधींनी संसदेत कंपनीवार विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.