शिडी मोडून दोन काठ्या

कोलाडच्या कुंडलिकेला जोराचे पाणी सकाळी येते. वर भिऱ्याच्या वीजकेंद्रातून ते सुटले की नदी फुगते, रबरी तराफे धावू लागतात आणि काही तासांत सारा खेळ ओसरतो. मुंबई-पुण्याहून आलेल्या तरुण मंडळींपुढे मग अख्खी दुपार उरते. अशा वेळी एखाद्या ओसरीवर पाच-सहा जण गोलाकार बसलेले, मध्ये वीस बाजूंचा फासा, हातात आकड्यांनी भरलेले कागद आणि तावातावाने चाललेला वाद असे दृश्य दिसले, तर वडीलधाऱ्यांनी तो जुगार समजू नये. त्यात पैसा नसतो. हा कथाखेळ आहे आणि वाद बहुधा नियमांच्या अर्थावरून चाललेला असतो.

या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होतो. तो गाव, अरण्य, भुयार शब्दांनी उभे करतो आणि न्यायनिवाडाही तोच करतो. बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशी पात्रे घेऊन आपण काय करतो ते सांगतात आणि यश-अपयश फाशावर ठरते. कोणी कोणाला हरवत नाही. सर्वांनी मिळून कथा पुढे न्यायची असते. नियम मात्र विपुल. शेकडो पानांचे ग्रंथ आहेत, आणि जेथे शेकडो पानांचे नियम तेथे पळवाटा असायच्याच. प्राप्तिकराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

एक पळवाट तर हिशेबनिसाला मोह पडावा अशी आहे. या खेळाच्या २००३ च्या सुधारित आवृत्तीतील किंमत-कोष्टकात दहा फुटी शिडी तांब्याच्या ५ नाण्यांना मिळते. त्याच कोष्टकात दहा फुटी काठीची किंमत चांदीची २ नाणी, म्हणजे तांब्याची २० नाणी आहे. चतुर खेळाडू शिडी विकत घेतो, पायऱ्या काढून टाकतो आणि दोन काठ्या बाजारात नेतो. जुनी वस्तू अर्ध्या किमतीने विकावी असा नियम आहे. तरी दोन काठ्यांचे २० मिळतात. पाचाचे वीस! दिवसभर शिड्या मोडत बसले की साहसाची गरजच उरत नाही. नियम एकही मोडलेला नाही. मोडली आहे ती फक्त शिडी.

दुसरी पळवाट अधिक प्रसिद्ध आहे. लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते आणि त्या अवधीत प्रत्येकाला एक कृती करता येते. शेजाऱ्याने भाला हाती दिला की तो पुढच्याच्या हाती देणे ही अशीच एक कृती. आता कोलाड नाक्यापासून रोह्याच्या रस्त्याने पाच-पाच फुटांवर दोन हजार गावकरी उभे केले, तर नियमाप्रमाणे भाला सहा सेकंदांत दहा हजार फूट, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर जातो. हा वेग ध्वनीपेक्षाही अधिक झाला. खेळाडूचा दावा असा की, शेवटच्या गावकऱ्याच्या हातून सुटलेला भाला आता किल्ल्याची भिंतही फोडेल.

या युक्तिवादातील गोम पाहण्यासारखी आहे. भाला हातोहात जाईपर्यंत खेळाडू नियमांचा ग्रंथ धरतो, कारण ग्रंथात वेगाची मर्यादा नाही. भाला सुटताच मात्र तो ग्रंथ मिटून पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडतो, कारण ग्रंथाप्रमाणे फेकलेल्या भाल्याचा आघात एका साध्या फाशाएवढाच असतो. धंद्यात याला दोन वह्या ठेवणे म्हणतात. पळवाट ओळखण्याची याहून सोपी खूण नाही: माणूस कोणत्या क्षणी वही बदलतो ते पाहावे.

याच शिडीचा दुसरा उपयोग पाहा. भुयारात खोल खड्डा लागला आणि एखाद्या मुलीने शिडी आडवी टाकून तिचा साकव केला, तर नियमावलीत ती युक्ती लिहिलेली नसली तरी सूत्रधार आनंदाने मान डोलावतो. चातुर्य दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी ते कथेच्या अडचणीतून वाट काढते, दुसऱ्या ठिकाणी कथेतूनच बाहेर निघून जाते.

आपल्या आचार्यांना हा मनुष्यस्वभाव पुरता ठाऊक होता. श्रावकाच्या प्रत्येक व्रताला अतिचार सांगितले आहेत, ते बारकाईने वाचावेत. परिग्रहाचे परिमाण करताना कोणी दोन घरांची मर्यादा घेतली आणि पुढे शेजारचे तिसरे घर विकत घ्यावेसे वाटले, तर तो काय करतो? मधली भिंत पाडतो. घरे पुन्हा दोनच! हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात 'योगशास्त्रा'त हा प्रकार नोंदवला आहे. शेताचा बांध काढून दोन शेतांचे एक करणेही त्यातच येते. मर्यादेची मुदत संपेपर्यंत जास्तीचे धन दुसऱ्याकडे ठेवणे हाही त्यातलाच प्रकार. रोख भरण्याला पॅनची ५०,००० रुपयांची मर्यादा लागू झाल्यावर ४९,००० च्या भरणा-पावत्या लिहिणारे हात याच कुळातले.

देशावकाशिक व्रताचे पाच अतिचार तर आजच लिहिल्यासारखे वाटतात. समजा, कोलाडच्या एखाद्या श्रावकाने आज गावाची वेस ओलांडायची नाही असा नियम घेतला. त्याने रोह्याहून माल मागवला तर तो आनयनप्रयोग. नोकराला तिकडे पाठवले तर प्रेष्यप्रयोग. वेशीच्या आत उभे राहून खाकरून पलीकडच्याचे लक्ष वेधले तर शब्दानुपात. नुसते आपले रूप दाखवून खुणावले तर रूपानुपात. आणि खडा फेकून बोलावले तर पुद्गलक्षेप. पाय मर्यादेत, मन बाहेर. ही यादी करणाऱ्यांनी माणसाचे डोके किती मागोव्याने तपासले असेल!

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या कृत्यांना परंपरेने सरळ व्रतभंग म्हटले नाही. अतिचार म्हटले आणि प्रतिक्रमणात त्यांची शुद्धी ठेवली. कारण भिंत पाडणाऱ्याला व्रताची चाड उरलेली असते. ती नसती तर त्याने तिसरे घर सरळ घेतले असते. कथाखेळातही फासा बदलणारा लबाड वेगळा आणि शिडी मोडणारा वेगळा. दुसऱ्याने नियमाला अजून मान दिला आहे, फक्त नियमाच्या हेतूकडे पाठ फिरवली आहे. त्याला समजावणे शक्य असते.

मात्र शब्दाला धरून हेतू मारण्याची परिसीमा कोठे होते, तेही आपल्या पुराणांत आहे. क्षीरकदंब गुरूंनी तीन शिष्यांना पिठाचा एकेक कोंबडा दिला आणि जेथे कोणी पाहत नसेल तेथे त्याला मारण्यास सांगितले. वसू आणि पर्वत एकांत गाठून काम उरकून आले. नारद कोंबडा तसाच घेऊन परतला. कोणी पाहत नाही अशी जागा त्याला सापडली नाही, कारण तो स्वतः तर पाहत होताच. पुढे याच पर्वताने 'अज' म्हणजे जुने, न उगवणारे धान्य हा गुरूंनी शिकवलेला अर्थ सोडून बोकड हा अर्थ लावला. दोन्ही अर्थ कोशात बसणारे! राजा झालेल्या वसूला खरा अर्थ माहीत होता, तरी गुरुपत्नीच्या भिडेखातर त्याने पर्वताची बाजू घेतली आणि त्याचे सिंहासन धरणीत गेले. एका शब्दाच्या पळवाटेने यज्ञातील पशुवधाला दार उघडले, असे ही कथा सांगते.

पिठाच्या कोंबड्यावरून ओघाने येते म्हणून: या खेळातील राक्षस-संहार जैन घरात खटकेल, आणि खटकणे योग्यच आहे. कल्पनेतील हिंसेलाही आपल्याकडे हिशेब आहे. पण सूत्रधार आपलाच असेल तर लढाईऐवजी शोधाची, वाटाघाटीची, सुटकेची कथा रचता येते; खेळाचे नियम त्याच्या आड येत नाहीत.

खेळाच्या कर्त्यांनाही अखेर अतिचार लिहावे लागले. २०२४ साली निघालेल्या सूत्रधाराच्या ग्रंथात नियमांचा गैरफायदा घेणाऱ्या खेळाडूंविषयी स्वतंत्र मजकूर आहे. नियम म्हणजे पदार्थविज्ञान नव्हे, खेळ म्हणजे अर्थव्यवस्था नव्हे, आणि नियमांचा अर्थ सद्भावाने लावायचा असतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हातोहात भाला देणाऱ्या रांगेचा दाखलाही तेथे आहे. पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर खेळ त्या ठिकाणी पोहोचला.

आपल्या घरांत अतिचारांची यादी प्रतिक्रमणात म्हटली जाते. बहुतेकांना ती पाठ असते, अर्थ थोड्यांना कळतो, आणि नातवंडे तेवढा वेळ कंटाळून बसतात. खरे तर यादीचा अर्थ उलगडायला त्यांच्याइतके तयार डोके घरात दुसरे नाही. शिडीचे गणित ज्याला सुचते, त्याला भिंत पाडणाऱ्याचे मन चटकन कळते. या पर्युषणात त्याला देशावकाशिकाचे पाच अतिचार समजावून द्यावेत आणि सहावा शोधायला सांगावे. तो बहुधा मोबाईलचे नाव घेईल. मग मोबाईल हा सहावा अतिचार, की तो शब्दानुपातातच मोडतो, आणि त्यात चित्रही दिसत असेल तर रूपानुपात धरायचा का, यावर आजोबांनी नातवाशी भरपूर वाद घालावा.