नांदूरमध्यमेश्वरला जा, पण उन्हं आल्यावर
थंडी पडली की नाशिकचे सायकलस्वार निफाडच्या बाजूने नांदूरमध्यमेश्वरकडे वळतात. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ राज्यातलं पहिलं ‘रामसर’ स्थळ म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं. रस्ता बराचसा सपाट, नवशिक्यालाही झेपणारा. माझा आक्षेप आहे तो अंधारात निघण्याच्या हट्टाला.

निफाडची थंडी प्रसिद्धच. अशा पहाटे गार हवा जमिनीलगत बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. शेकोट्यांचा, डिझेलचा धूर त्याखालीच अडकतो. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, जोरात पॅडल मारताना ४०-५० लिटर, कधी त्याहूनही जास्त. ‘शुद्ध हवा’ म्हणून आपण ओढतो काय, तर हाच धूर, कैक पटींनी. दमेकऱ्यांनी तर अशा वेळी घरीच थांबावं. शिवाय धुक्यात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असली, तर ती दिसेपर्यंत ब्रेक लावायलाही वेळ उरत नाही.

ऊन चढलं की ते झाकण विरतं. आठ वाजता निघा. बदकं कुठे पळून जात नाहीत, दुपारीही पाण्यावर दिसतात. चापडगावला पोचलात की मात्र सायकल लावा आणि मनोऱ्याकडे पायीच जा, गप्पा न मारता.