घरगुती भूत आणि शेजारची म्हातारी

आमच्या वैशाली नगरातील काही तरुण मंडळींना हल्ली घरच्या घरी भुताचा लघुपट काढण्याचा छंद जडला आहे. खिशातला मोबाईल, टेबलावरचा दिवा, आईची पांढरी साडी आणि केसांवर शिंपडलेली पावडर एवढ्या सामग्रीवर त्यांचे काम भागते. या काटकसरीचे मला कौतुकच आहे. महागाई भत्त्याकडे डोळे लावून संसार करणाऱ्या कारकुनाला ते असायचेच. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. तेव्हा अल्प साधनांना हसण्याचा अधिकार निदान मराठी माणसाला तरी नाही.

माझा आक्षेप आहे तो भुताच्या निवडीला. जो लघुपट पाहावा त्यात भूत म्हणजे केस मोकळे सोडलेली, गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी! आपण छत्तीसगढात राहतो, याचा या मंडळींना विसर पडला आहे काय? ज्या आषाढी अमावास्येला आपण घरात दिवे पूजतो, त्याच दिवशी येथे हरेली असते, आणि टोनहीची बाधा होऊ नये म्हणून दारोदार कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात. डहाळीवर निभावते तोवर ठीक. परंतु टोनही ठरवून बायकांना मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार इतके झाले की २००५ साली राज्याला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. एखाद्या व्यक्तीस टोनही ठरविणे हाच त्या कायद्याने गुन्हा आहे.

"अहो, ही तर करमणूक!" असे उत्तर मला मिळाले. करमणूकच, पण कोणाच्या जिवावर? मोठ्या चित्रपटातली चेटकीण पडद्यावरच राहते, तिचे घर कोणाच्या ओळखीचे नसते. घरगुती चित्रपटाचे तसे नाही. त्यातली गल्ली खरी, दार खरे, ओटा खरा. मग त्या ओट्यावर बसणारी विधवाही पोरांना वेगळी दिसू लागते.

म्हणून भूतकथाच नकोत, असे मी मुळीच म्हणत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचून रात्री दिवा न मालवणाऱ्यांपैकी मीही एक आहे. पण भय उत्पन्न करायला म्हातारी लागतेच कशाला? ओरेन पेली या गृहस्थाने अमेरिकेत स्वतःच्याच घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरांत 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' काढला. २००७ साली तो प्रथम दाखविला गेला. त्यात एक दार आपोआप हलते आणि प्रेक्षकाचा श्वास अडकतो. हलत्या दाराला दोरीपलीकडे खर्च तो काय! आणि भूत हवेच असेल, तर आपला मुंजा आहे की. मुंज झालेला, सोडमुंजेआधीच गेलेला तो पोर पिंपळावर बसतो. त्याच्या नावाने कोणी शेजारणीवर दगड उचलणार नाही.

गणेशोत्सवात हे लघुपट दाखविण्याचा बेत आमच्या मंडळात चालू आहे. एकाकी स्त्रीला भूत करणारा एकही लघुपट त्यात घेऊ नये, अशी सूचना मी लेखी दिली आहे आणि तिची पोचही मागून घेतली आहे.