दुर्बीण आडवी आली म्हणे!

नाशिकरोड स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर पुण्याच्या रेल्वेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "त्या खोडदच्या दुर्बिणीनं आपली गाडी अडवली."

मी विचारतो, दुर्बीण बघितलीय का? नाही. पुण्याला जाताना शंभरदा नारायणगाव ओलांडलं, आत कुणी वळलं नाही.

मित्रांनो, डॉ. गोविंद स्वरूप यांनी जुन्नर तालुक्यातली ही जागा निवडली, कारण तिथं रेडिओ लहरींचा गोंगाट कमी. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्यांच्यावर निरीक्षणासाठी वेळ मागतात. विजेवर धावणारी गाडी जवळून गेली, तर आकाशातून येणारे क्षीण संकेत त्या गोंगाटात बुडतील. नारायणगावमार्गे रेल्वे न्यायला रेल्वेमंत्र्यांनी हीच अडचण सांगितली.

गाडी मलाही हवी आहे. पण दुर्बिणीला शिव्या घालून ती मिळणार नाही.

शास्त्रज्ञांनाही एक सांगणं आहे. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला शाळकरी मुलांचे प्रयोग मांडले जातात, ते उत्तमच. पण आंतरराष्ट्रीय परिषद शहरातल्या सभागृहातच व्हावी असं कुठंय? एखादी नारायणगावच्या मंगल कार्यालयात भरवा. परदेशी पाहुण्यांना झेडपीच्या शाळेत न्या. शेतकऱ्यांना प्रश्न विचारू द्या, उत्तरं मराठीत द्या.

ज्याच्यासाठी लोकांनी गाडीवर पाणी सोडायचं, ते आधी त्यांना आपलं तर वाटायला हवं. तुम्हाला काय वाटतं?