चावीच्या पोटातली चकती

आपण किल्ली म्हणतो तसं चावीही म्हणतो. ही चावी पोर्तुगीजांकडून मराठीत आली आणि तमिळमधली 'सावि'सुद्धा तिथूनच. त्यामुळे इथे गिंडीत नव्याने आलेल्या मराठी माणसानेही दुकानात 'कार सावि, बॅटरी' एवढं म्हटलं की भागतं. गाडीच्या रिमोटची बॅटरी बदलणं तसं पाच मिनिटांचं काम. तरी आज त्यावर लिहायचं कारण आहे ती त्यातून निघणारी जुनी बॅटरी.

आधी काम उरकू. बटण दोनतीनदा दाबावं लागतंय, अगदी दाराशी गेल्यावरच गाडी उघडतेय, असं झालं की बॅटरी उतरत आली समजा. नवी घेताना जुनीवरचा आकडा बघा. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ असते. यातले २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ तेवढीच रुंद, पण पातळ. ती बसल्यासारखी वाटली तरी सैल राहते. म्हणून आकडा तोच हवा.

रिमोटमध्ये लपवलेली धातूची किल्ली असेल तर ती आधी ओढून काढा. फटीत चपटा स्क्रू-ड्रायव्हर फडक्यात गुंडाळून घाला आणि हलकेच फिरवा. जुनी बॅटरी काढण्यापूर्वी अधिकची खूण वर आहे की खाली, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवी बॅटरी कडेने धरून बसवा आणि झाकण 'टक' आवाज येईपर्यंत दाबा.

कथिपाऱ्याजवळ भर उन्हात रिमोट पूर्णच बंद पडला तरी घाबरू नका. त्या धातूच्या किल्लीने ड्रायव्हरचं दार उघडतं. अलार्म वाजला तरी वाजू द्या. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर रिमोट बहुधा त्या बटणाला टेकवून धरायचा असतो. आतल्या चिपला लागणारी वीज गाडीच पुरवते. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती आजच पाहून ठेवा.

आता जुनी बॅटरी. ती टेबलावर राहते, तिथून खाली पडते आणि रांगतं मूल ती तोंडात घालतं. चकती अन्ननलिकेत अडकली की ओलाव्यामुळे तिच्यातून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होतो आणि दोन तासांतही आतली त्वचा जळू शकते. २० मिलिमीटरची लिथियम बॅटरी यात सर्वांत धोक्याची. रिमोट चालवायला जी कमी पडते, ती मूल भाजायला पुरते. म्हणजे 'संपलेली आहे, काय होतंय' हे इथे चालत नाही.

मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका. लाळ गळणं, खोकला, खायला नकार ही लक्षणं दिसतात, कधी काहीच दिसत नाही. उलटी करवू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही खाऊपिऊ घालू नका. १०८ ला फोन करा किंवा एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात लगेच न्या. 'नाणं असेल' म्हणून वाट बघू नका. तशीच दुसरी बॅटरी किंवा तिचं पाकीट सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना नेमकी कोणती ते कळेल.

म्हणून बॅटरी बदलताना चिकटपट्टी जवळ ठेवा. जुनी निघाल्याबरोबर दोन्ही बाजूंनी पट्टी लावा, झाकणाच्या डबीत घालून उंचावर ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. नव्या बॅटऱ्यांचं पाकीटही तिथेच ठेवा. वजनकाटा, खेळणी, टीव्हीच्या बाजूचे छोटे रिमोट यांतही अशाच चकत्या असतात. त्यांची झाकणं स्क्रूने घट्ट आहेत ना, हे या रविवारी एकदा बघून घ्या.